फ्रँकफर्टचे विमान आणि कुमाचा शब्द

कंपनी बुडणार ही बातमी आमच्या राजधानीत, पोडगोरिकेत, दर हिवाळ्यात यायची. दक्षिणेचा वारा सुटला, मोराचा नावाची नदी गढूळली, की कोणीतरी टेबलावर कॉफीचा कप आपटून सांगायचे, "या खेपेला मात्र गेली. बंद करतायत." बाकीचे त्याला हसायचे. मग उन्हाळा यायचा, विमाने भरभरून उडायची, आणि तोच बातमीवाला खिडकीची जागा मागायला दारिंकाच्या काउंटरवर हजर व्हायचा. लांडगा आला रे आला ऐकून लोकांचे कान किटले होते. खरा लांडगा आला तेव्हा कोणी कपसुद्धा खाली ठेवला नाही.

कंपनी म्हणजे आमची विमान कंपनी. देश एवढासा, की विमान सरळ उडाले तर कॉफी ओतून होईपर्यंत हद्द संपते. अशा देशाला विमाने कशाला, असे शेजारचे देश विचारत, आणि ते विचारत म्हणूनच आम्हाला ती हवी होती. दारिंका पहिल्या दिवसापासून तिथे होती. आता पंचावन्नी उलटली होती, गुडघे बोलत होते, पण सकाळी गळ्याला कंपनीचा निळा रुमाल बांधला की तिची मान आपोआप ताठ व्हायची. नवरा लवकर गेला, मुलगा मोठा होऊन नोकरीला लागला, आणि घरी उरली नव्हती तेवढी माणसे तिला विमानतळावर होती.

पहिले विमान उतरले तो दिवस जुन्या माणसांना अजून आठवतो. कोणाचे तरी वापरलेले, नव्याने रंग दिलेले. गोलुबोव्त्सीच्या सपाटीवर, विमानतळाशी, अख्खे गाव कुंपणाला लोंबकळत होते. पाद्रीबाबांनी तुळशीच्या जुडीने विमानाच्या नाकावर तीर्थ शिंपडले, हँगरमागे कोकरू भाजत होते. एका म्हातारीने विचारले, "हा चालवणारा कुणाच्या घरचा रे?" वैमानिक कुची या डोंगरी टोळीतला आहे असे कळल्यावर तिने मान डोलावली. "मग पडायचं नाही. कुच्यांना पडायलाही आळस." विमानाखाली तेलकट हातांनी उभा होता तो दारिंकाचा थोरला भाऊ मियात. तो कंपनीचा मेकॅनिक होता, आणि त्या दिवशी लग्नातल्या नवरदेवापेक्षा जास्त लाजत होता.

पुढे लवकरच युगोस्लाव्हियाची शकले झाली, जगाने आमच्यावर निर्बंध घातले आणि विमान उडायचे बंद झाले. ते नुसते उभे असायचे. मियात रोज सकाळी जाऊन इंजिन फिरवायचा, चार जणांना गोळा करून विमान हातभर ढकलायचा, नाहीतर टायर एकाच जागी बसतात. पंखाच्या सांध्यातली चिमण्यांची घरटी काढायचा. पगार असा, की सकाळी त्यात अंडी यायची आणि संध्याकाळी अंड्यांचा नुसता वास. एक दिवस त्याला फ्रँकफर्टच्या विमानतळावर काम मिळाले, परक्यांच्या विमानांची चाके बदलण्याचे. तो निघाला तेव्हा दारिंका त्याला निरोप द्यायला गेली नाही. "घर फिरलं की वासेही फिरतात," एवढेच तिने आईकडून त्याला कळवले.

ते मियातला लागले. आमच्याकडे एकदा लागले की हाडात बसते. त्याने आईसमोर शपथ घेतली की परक्याच्या विमानाने तो घरी पाय ठेवणार नाही, येईल तर आपल्या विमानाने. या हट्टाला आमच्या भाषेत 'इनात' म्हणतात, आणि देशात इतर काही पिकत नसले तरी हे पीक बारमाही. परदेशी विमानांनी आमच्यावर बाँब टाकले त्या वर्षी विमानतळ बंद होता, त्याच वसंतात त्यांचे वडील गेले. दुसऱ्या वाटेने, दुसऱ्या कंपनीने, बोटीने येता आले असते. मियात आला नाही. फ्रँकफर्टच्या खोलीत तीन दिवस दाढी न करता बसून राहिला. दारिंकाने तेव्हा त्याला माफ केले, कारण स्वतःही तेच केले असते हे तिला ठाऊक होते.

नंतर बरे दिवस आले. नवी कोरी विमाने आली. झ्युरिक, व्हिएन्ना, रोम, पॅरिस. लोक हातातल्या पिशवीतून धुरावलेले मांस आणि कायमाकचे, म्हणजे खारवलेल्या सायीचे, डबे नेत, आणि जर्मनीत दार उघडले की आमच्या विमानाचा वास आधी उतरे. वैमानिक सांगायचा, "डावीकडे स्काडरचं तळं, उजवीकडे माझी सासुरवाडी, तिकडे बघू नका." मंत्र्याचा पुतण्या उशिरा येणार असेल तर विमान थांबायचे, आणि पुतण्या नोकरी मागायला आला तर नोकरीही मिळायची. शेवटी एका विमानामागे एवढी माणसे झाली, की सगळ्यांनी मिळून ढकलले असते तरी ते उडाले असते. दारिंका या सगळ्याला नाक मुरडायची, पण बाहेरचा कोणी बोलला तर त्याचे नाक कापायला पुढे. मियात दर उन्हाळ्यात यायचा. फ्रँकफर्टहून निघताना विमानाभोवती एक चक्कर मारायचा, चाकाला लाथ घालायचा, मगच चढायचा. सगळे त्याला ओळखत.

आणि मग उतरण लागली. परक्यांची स्वस्त विमाने आली, आमची दोन सुट्या भागांवाचून उभी राहिली, सरकार दरवर्षी खिसा उलटा करून दाखवू लागले, ब्रसेल्सच्या साहेबांनी सरकारी मदतीवर बोट ठेवले. ऋण काढून सण किती वर्षे चालणार? पण सण आमचा होता ना, म्हणून कोणालाच तो थांबेल असे वाटत नव्हते.

त्याच शरद ऋतूत मियातच्या फुप्फुसात गाठ निघाली. डॉक्टरांनी फार गोड बोलण्यात वेळ घालवला नाही. बसता येतंय तोवर घरी न्या, म्हणाले. मियातला हवे होते तेवढेच. त्याला झागाराच गावच्या घरी, वडिलांच्या खोलीत, डोंगराकडच्या खिडकीखाली मरायचे होते. फ्रँकफर्टमध्ये मेलो तर मी अर्धाच मरेन, असे तो बायकोला, सेंकाला, म्हणाला. परक्या कंपन्यांनी दाखले मागितले, बरोबर परिचारिका मागितली, मध्ये व्हिएन्नाला विमान बदलायला लावत होते. आपला कॅप्टन द्राशको फोनवर म्हणाला, "दारिंका, मी तीन खुर्च्या आडव्या करीन. नाही जमलं तर मांडीवर घेऊन येईन. त्याने माझ्या विमानाची चाकं ढकललीयत." थेट विमान, दोन तासांची वाट. फक्त कधी, एवढेच ठरायचे होते.

सेंका म्हणत होती, लगेच, पुढच्याच गुरुवारी. मियातला सणाला यायचे होते. संत निकोला त्यांच्या घराचा देव. त्याच्या दिवशी, डिसेंबरात, सगळे सोयरेधायरे न बोलावता घरी येतात, आणि घरचा कर्ता पुरुष उभे राहून सणाची पोळी मोडतो.

"आत्ता आलो तर उद्यापासून लोक आजाऱ्याला बघायला येतील," तो दारिंकाला फोनवर म्हणाला. मध्येमध्ये दम लागत होता. "मी अंथरुणात, ते सफरचंदं घेऊन दारात. अशानं सणापर्यंत माझं लोणचं होईल. सणाच्या दोन दिवस आधी येतो. मला उभा असलेला बघू देत."

"आणि मध्येच कंपनी बंद पडली तर?"

"तुझं काय मत?"

दारिंकाचे मत काय असणार? काउंटरवरच्या मुली रडवेल्या झाल्या होत्या, नवे सरकार आले होते, या हिवाळ्यातली बातमी नेहमीपेक्षा जाड आवाजात बोलत होती. पण भावाची ही एकच इच्छा होती आणि ती मोडायची तर खात्री हवी होती. "वुकोताला विचारते," ती म्हणाली.

वुकोता म्हणजे मियातचा कुम. मियात आणि सेंकाच्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला. आमच्याकडे भाऊ भावावर बंदूक उगारेल, पण कुमावर नाही. वर देव, खाली कुम, अशी म्हण आहे आणि कित्येकांचा वरच्यापेक्षा खालच्यावर भरवसा जास्त. शिवाय वुकोता वाहतूक मंत्रालयात होता. नक्की कशावर होता ते कोणाला नीट ठाऊक नव्हते, पण त्याचा उंटाच्या रंगाचा कोट आणि टेबलावर पालथा ठेवलेला फोन पाहिला की विचारायची हिंमत होत नसे.

मंत्रालयामागच्या हॉटेलात त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली, द्राक्षाची ब्रँडी मागवली, मियातची सविस्तर चौकशी केली आणि डोळे पुसले. ते डोळे खरे होते. दारिंकाने पुढे कधीही त्याबद्दल शंका घेतली नाही.

"कुम, मला एकच सांग. सणापर्यंत विमानं उडतील का?"

वुकोता हसला. "कोण म्हणतं नाही उडणार? त्या विमानतळावर अत्तरं विकणाऱ्या पोरी?"

"सगळेच म्हणतायत."

"सगळे! सगळे तर म्हणतात मी दाढी रंगवतो." त्याने आवाज खाली आणला आणि इकडेतिकडे पाहिले. "हे बघ दारिंका, मी कुठे बसतो? फाइल कुणाच्या नाकासमोरून जाते? वसंतापर्यंत कोणी हात लावत नाही. मग पुढे बघू. निवांत येऊ दे त्याला. सणाला मी स्वतः विमानतळावर येतो, बँड घेऊन येतो."

"नक्की ना?"

वुकोताने छातीवर हात ठेवला. "कुमाचा शब्द."

इथे विषय संपला. वुकोताच्या खात्यात रस्त्यावरच्या पाट्या-बिट्या बघतात असे दारिंकाने कुठेतरी ऐकले होते, आणि तुला हे कोणी सांगितले, हा प्रश्न अगदी जिभेच्या टोकावर आला होता. पण कुमाने छातीला हात लावल्यावर पुढे काही विचारणे म्हणजे त्याच्या कॉफीत थुंकणे. तिने प्रश्न गिळला आणि वरून ब्रँडी प्याली. बाहेर आल्याआल्या तिने फ्रँकफर्टला फोन लावला.

"कुमाने शब्द दिलाय. सणाला ये."

"मग झालं," मियात म्हणाला. खूप दिवसांनी त्याचा आवाज जुन्यासारखा वाटला.

दारिंका कामाला लागली. झागाराचच्या घराची धुराडी साफ केली, वडिलांच्या खोलीला चुना काढला, बकरा सांगून ठेवला. गावात बातमी पसरली की मियात येतोय, आणि आजारी वगैरे काही नाही, सणाला येतोय. शेजारणी म्हणाल्या, "बघ, उगीच लोक घाबरवतात." दारिंकालाही तसेच वाटायला लागले होते. माणूस आशेला लागला की सगळ्यात आधी त्याचे कान बंद होतात.

सणाच्या आठवड्यात, मंगळवारी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, विमानतळावरच्या कॅफेत टीव्ही चालू होता. नवा मंत्री तरुण होता आणि बोलताना कागदावरून डोळे उचलत नव्हता. कंपनी बंद, उद्यापासून एकही उड्डाण नाही, कर्मचाऱ्यांनी संयम राखावा. एका पोरीने रिमोट शोधायला सुरुवात केली, जणू आवाज कमी केला की बातमीही कमी होईल. दारिंका उभीच राहिली. तिच्या पुढ्यातल्या डाळीवर साय धरली.

संध्याकाळी द्राशकोचे विमान बेलग्रेडहून आले, ते शेवटचे. प्रवासी नेहमीसारखे टाळ्या वाजवून उतरले, काहींना माहीतही नव्हते. मागाहून कर्मचारी उतरले आणि जिन्याच्या पायऱ्यांवरच बसले. दारिंका त्यांच्यापर्यंत चालत गेली.

"द्राशको, परवा मियात आहे."

"माहितीये."

"एकच फेरी. जा आणि ये. तेल मी भरते, घर विकते."

"अगं बाई, आजच विमानांचा विमा संपवला त्यांनी. आणि फ्रँकफर्टला चाक टेकलं की घेणेकरी विमान जप्त करतील. मी वरच्या साहेबाच्या पाया पडून आलोय. मी, कुची टोळीतला, पाया पडलोय!" त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तू आधी का नाही आणलंस गं त्याला? मी गेल्या गुरुवारी रिकाम्या खुर्च्या घेऊन आलो."

दारिंकाने वुकोताला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोने उचलला आणि तो बैठकीत आहे असे म्हणाली, आणि मागे टीव्हीवर फुटबॉलचा आरडाओरडा चालला होता. दारिंकाने फोन ठेवला. तिला राग आला नाही, अजून नाही. तिला एवढेच वाटले की मियातसाठी कोणीतरी खड्डा खणते आहे आणि ती स्वतः फावडे धरून खणणाऱ्याला मदत करते आहे.

परक्या विमानाची शपथ आता मियातने स्वतः मोडली असती. तसे तो म्हणालाही. पण बातमी ऐकली त्या दिवसापासून तो उठून बसला नाही, आणि आडव्या पडलेल्या माणसाला कुठली विमान कंपनी घेईना. सेंकाने रुग्णांची गाडी ठरवली. म्युनिक, साल्झबर्ग, बर्फ. दारिंका दर थोड्या वेळाने फोन करायची आणि सेंका दर वेळी, "झोपलाय," म्हणायची. झाग्रेब मागे पडल्यावर मियातने गाडी थांबवायला सांगितली. पेट्रोल पंपाच्या आवारात त्याला उशांना टेकवून बसवले.

"कुठे आलो?"

"जवळच आलो," सेंका म्हणाली.

तो काचेतून पाट्या वाचत राहिला. "सेंका, विमानांत आयुष्य गेलं माझं. मला नकाशा कळतो गं." ती त्याच्यासाठी चहा आणायला गेली. परत आली तेव्हा तो तसाच पाट्यांकडे पाहत होता, पण वाचत नव्हता.

जिवंत माणसाला हद्दीवर एक कागद लागतो, मेलेल्याला दहा. कागद गोळा होईपर्यंत संत निकोलाचा सण येऊन गेला. दारिंकाने मेणबत्ती लावली, पोळी तिच्या मुलाने मोडली, आलेले लोक उभ्याउभ्या मीठभाकरी खाऊन गेले. कोणी बसले नाही. मियात त्यानंतर आला, परक्या गाडीतून, परक्या पेटीतून.

गावी पुरण्याआधी शहरातल्या चेपुर्सीच्या दफनभूमीत, तिथल्या चॅपलमध्ये लोकांनी भेटायला यायचे असते. आत पेटीभोवती काळ्या कपड्यातल्या बायका बसतात. बाहेर दाराशी घरचे पुरुष ओळीने उभे राहतात, येणारा एकेकाचा हात हातात घेऊन दोन शब्द बोलतो, आणि ओळीतला म्हणतो, "आभार." दिवसभर हे चालते. मियातची ओळ आखूड होती. दारिंकाचा मुलगा, दोन चुलतभाऊ, बस. त्याला स्वतःला मुलगा नव्हता, सख्खा भाऊ नव्हता.

सेंका पेटीच्या कडेवरून हात फिरवत बसली होती. मध्येच, कोणाशीच नाही असे बोलली, "जागा मिळाली होती आम्हाला. आधीच्या गुरुवारची."

"कसली जागा?" दारिंकाने विचारले.

"तिथल्या आपल्या कंपनीच्या ऑफिसातला ब्लाझो घरी आला होता. म्हणाला, वरून सांगितलंय, सणाच्या आठवड्याची तिकिटं विकू नका. काहीतरी शिजतंय. म्हणाला, मियात, या गुरुवारी बस, मी जागा ठेवलीय. मी बॅग भरली होती, दारिंका. ऑक्सिजनची नळकांडीसुद्धा भरली होती."

"मग?"

"मग काय! मियात म्हणाला, कुमाने शब्द दिलाय. मी आता घाबरून आधी पळत गेलो तर त्याचा अर्थ काय होतो? कुमाचा शब्द खोटा, असंच ना? लोक त्याला हसतील. बॅग रिकामी कर, म्हणाला." सेंकाने पेटीवर दोन्ही हात ठेवले. "मी रिकामी केली."

भाऊ वडिलांच्या शेवटच्या भेटीला मुकला होता शपथेपायी, आणि स्वतःच्या घराला मुकला तो दुसऱ्याच्या शब्दापायी. आणि तो शब्द त्याच्यापर्यंत तिने स्वतः पोचवला होता.

दुपारी वुकोता आला. काळा कोट, उघडे डोके, दाढीला या खेपेला रंग नव्हता. तो सरळ आत आला, पेटीला ओठ टेकवले आणि दारिंकासमोर उभा राहिला. "बाहेर ये," ती म्हणाली. चॅपलमागच्या सायप्रसखाली तो भिंतीला धरून रडला.

"मला काही माहीत नव्हतं गं. देवाशपथ. मला तिथे कोणी काही सांगत नाही. आमच्याकडे बसथांब्यांच्या पाट्या असतात. फाइल नाही, बिल नाही, काही नाही. तू एवढ्या आशेने आलीस, मला 'माहीत नाही' म्हणवेना."

"मला माहीत होतं तुझ्या पाट्यांचं."

वुकोताने वर पाहिले. "मग विचारलं का नाहीस? एकदा विचारायचंस, तुला कोणी सांगितलं म्हणून! मी तिथेच उघडा पडलो असतो!"

"कुमाला विचारायचं?"

वुकोताने बाहीने तोंड पुसले.

"शिव्या दे मला," वुकोता म्हणाला. "तोंडात मार. सगळ्यांसमोर मार."

तिचा हात खरोखरच शिवशिवत होता. पण तिने मारले नाही. तिने त्याला सेंकाने सांगितलेले सगळे सांगितले, हळू आवाजात, एक शब्द न वाढवता. ब्लाझो, गुरुवारची जागा, भरलेली बॅग, रिकामी केलेली बॅग. वुकोताचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा झाला.

"ओळीत पहिली जागा रिकामी आहे," ती म्हणाली. "भावाची. तू उभा राहा."

"मी? नको, दारिंका. दया कर. मी मागे कुठेतरी थांबतो, संध्याकाळपर्यंत थांबतो—"

"कुम आहेस तू. दुसरं कोण उभं राहणार?"

तिने त्याची कॉलर सारखी केली, बाहीला धरून त्याला दारापर्यंत नेले आणि आपल्या मुलाच्या वरच्या बाजूला उभे केले. लोकांनी माना डोलावल्या. असेच करायचे असते, कुमाचा मान आहे तो. त्या दोघांखेरीज कोणाला काही कळले नाही.

फाटकातून कंपनीची माणसे येत होती. आदल्या आठवड्यातच सगळे बेकार झाले होते आणि तरी सगळे गणवेशात होते. वैमानिक, सामान चढवणारे, काउंटरवरच्या पोरी, जुने मेकॅनिक. मरण एकाचे होते की दोघांचे, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत नव्हते. पुढे द्राशको होता. त्याने वुकोताचा हात दोन्ही हातांत धरला.

"एक आठवडा आधी निघाला असता, तर मीच आणला असता. पायांनी उतरला असता तो."

"आभार," वुकोता म्हणाला.

मागून सामानवाला आला. "एक आठवडा रे. फक्त एक आठवडा."

"आभार."

दारिंका आत गेली नाही, दारातच उभी राहिली. तिला वाटले होते, थोडे तरी बरे वाटेल. वाटले नाही, कारण प्रत्येकाचे वाक्य तिच्याही अंगावर येत होते. रांग दफनभूमीच्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती, आणि त्यातला प्रत्येक जण आधी वुकोतासमोर थांबत होता.

"आधी का नाही आला तो?" काउंटरवरच्या एका पोरीने त्याचा हात धरून रडत विचारले.

वुकोताने दारिंकाकडे पाहिले. तिने मान फिरवली नाही.

"आभार," तो म्हणाला, आणि पुढचा हात त्याच्यासमोर आला.